गोजर लोहारीण आणि सटवाईचा विळा

फार वर्षांपूर्वी, बालाघाटाच्या कुशीतल्या धामणखोरीत जोंधळ्याची कणसं हातभर यायची आणि पाळणे मात्र आढ्याला उलटे टांगलेले असायचे, तेव्हाची ही हकीकत. गावात ती सांगणारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येक जण एखादा तुकडा वेगळा सांगतो. मी सगळ्यांचं ऐकून ती सलग मांडते आहे.

त्या काळी धामणखोरीत मूल जन्मलं की कुणी साखर वाटत नसे. काय झालं, मुलगा की मुलगी, असं शेजारणीनं विचारलं तर घरचे म्हणत, "बघू. आठवडा तर जाऊ दे." कारण आठवड्याच्या आतबाहेर पोराचं तोंड मिटायचं. जन्मताना टाहो फोडणारं, चुरुचुरु पिणारं गोजिरवाणं मूल एका सकाळी अंगावर पिईनासं व्हायचं. जबडा घट्ट बसायचा. मग अंग धनुष्यासारखं ताठायचं, आणि कुणी भांडं आपटलं तरी त्याला आकडी यायची. दिवेलागणीच्या आत सगळं संपायचं. गाव म्हणायचं, "सटवाईनं तोंड मिटलं."

सटवाई म्हणजे पाचवीला येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिणारी देवी. तिचं ठाणं गावाबाहेरच्या टेकडीवर होतं. शेंदूर फासलेला दगडाचा तांदळा आणि त्याच्यासमोर मातीत रोवलेला एक विळा. गावात कुणीही बाळंत झालं की तो विळा उपटून आणायचा, त्यानंच नाळ कापायची, ठाण्यातलीच चिमूटभर माती बेंबीवर दाबायची आणि विळा पुन्हा जागच्या जागी रोवायचा, अशी रीत होती. विळ्याला पाणी लागू द्यायचं नाही आणि विस्तव दाखवायचा नाही. पाणी आणि विस्तव ही मसणातली कामं, जन्माच्या हत्याराला ती लावली तर देवी कोपते, असं सगळे मानायचे. दुपारी टेकडीवरच्या सावलीत गावची गुरं बसायची, तिथंच शेण टाकायची. त्याचं मात्र कुणाला काही वाटत नसे.

आणखी एक रीत होती. बारशाआधी गेलेल्या मुलाला नाव नाही, आणि नाव नाही म्हणून सुतकही नाही. बाप त्याला टोपल्यात घालून निरगुडीच्या बनात पुरून यायचा आणि तसाच औताला जायचा. आईनं दूध आटावं म्हणून छातीला फडकं आवळून बांधायचं आणि खुरपं उचलायचं. रडायचं नाही. रडलं तर देवी पुढचंही नेते. असं म्हणतात, निरगुडीच्या बनात इतके छोटे छोटे उंचवटे झाले होते की शेळ्यासुद्धा तिथं पाय टाकत नसत.

अशा गावात गोजर लग्न होऊन आली. येसू लोहाराची बायको. येसू सांडशीत लोखंड धरायचा आणि गोजर घण घालायची. तिचा घण पडला की पलीकडच्या गल्लीत उतरंडीची मडकी हलायची. जीभही तशीच होती. कुणी बोथट फाळ शेवटायला आणला आणि वर घाई केली, तर ती म्हणायची, "फाळाला धार लावून मिळंल, दाजी. अकलेला लावायची तर दुसरीकडं जा."

तिचं पहिलं मूल गेलं तेव्हा ती गप्प बसली. दुसरं गेलं तेव्हाही तिनं फडकं बांधून घेतलं. तिसरी मुलगी होती. तिचा जबडा बसला तसं गोजरनं बोट मधात बुडवून तिच्या ओठांत घालायचा दिवसभर प्रयत्न केला. मुलगी गेली. सासू भागूबाई फडकं घेऊन आली.

गोजरनं विचारलं, "आत्याबाई, कशानं गेली?"

"सटवाईनं लिवलं व्हतं, बाई."

"का लिवलं?"

"देवीला कुनी का म्हनून इचारतं व्हय?"

"मग कुनाला इचारू?"

 भागूबाईनं नुसतं फडकं पुढं केलं. गोजरनं ते घेतलं आणि टरकन फाडलं. मग ती दारात उभी राहिली आणि रडली. मोठ्यानं, छाती पिटत, धामणखोरीत लहान मुलासाठी आजवर कुणीच रडलं नव्हतं तशी. रडून झाल्यावर तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, चूल विझवली, भट्टीवर पाणी मारलं आणि सांगून टाकलं, "माझ्या घरात सुतक हाय. भाता बंद."

पेरणी तोंडावर आलेली. फाळ बोथट होऊन पडलेले. पाटील स्वतः चालत आले.

"नाव न्हाई त्याला सुतक कसलं, गोजर?"

"नाव हाय."

"कधी ठिवलं?"

"आत्ता. रंगू नाव हाय तिचं. आन् तिच्या आदीच्या दोघांची बी ठिवली. तीन सुतकं हायेत, मालक. फाळाचं नंतर बघू."

त्या वर्षी धामणखोरीची पेरणी उशिरा झाली. लोक गोजरला शिव्या देत होते. पण शिव्या देताना का होईना, गावात पहिल्यांदा एका तान्ह्या मुलीचं नाव घेतलं जात होतं.

वर्ष गेलं. गोजरची धाकटी जाऊ ठकू गरोदर होती. पहिलटकरीण, वयानंही पोरच. दिवस भरत आले तशी ती गोजरच्या मागं मागं फिरू लागली. एकदा भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"आक्का, माझं बी तसंच व्हईल का वं?"

गोजरला नाही म्हणता येईना. हो म्हणायला तर जीभ रेटेना. ती उठली. भर दुपारी, डोक्यावर पदर न घेता, टेकडी चढून गेली आणि सटवाईसमोरचा विळा उपटून आणला. कुणी बाळंत झालेलं नसताना त्या विळ्याला हात लावणारी ती पहिलीच.

तिनं तो थेट भट्टीत खुपसला.

येसू ताडकन उठला. "अगं, देवीचा विळा हाय त्यो!"

"ठावं हाय. वितळवून गोळा करते त्याचा. ठकूला त्यो लागायचा न्हाई. भाता वड, न्हाईतर सरक."

येसूनं भाता ओढला. गोजरला तेव्हा काही कळलं होतं असं नाही. ती फक्त संतापली होती. ज्या वस्तूनं आपल्या लेकरांना पहिल्यांदा स्पर्श केला, ती वस्तू तिला जगात राहू द्यायची नव्हती. असं म्हणतात, विळा लाल झाला, पिवळा झाला, पार पांढरा झाला, पण वितळेना. गोजरनं तो ऐरणीवर घेतला आणि घण घातला. घणाच्या घावाला विळ्यातून तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा आवाज आला.  गोजर मात्र थांबली नाही. आवाज येत राहिला आणि ती घण घालत राहिली.

तेवढ्यात एक म्हातारी उंबऱ्यावर येऊन बसली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि उजव्या हाताची बोटं शाईनं काळी.

"माझी वस्तू हाय ती," म्हातारी म्हणाली.

गोजरनं घण खाली ठेवला नाही. "तुझी व्हय? बरं झालं आलीस. माझी तीन लेकरं दे आन् तुझा विळा ने."

"म्या न्हाई नेली."

"लिवलंस तर तूच ना?"

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "पोरी, मी येते पाचवीला. कोरं कपाळ मिळंल म्हनून लिवायचा बोरू तासून येते. तुमच्या गावात पोचते तवर ते भरलेलं असतंय. पयल्याच दिवशी कापता तुमी, गुरांच्या शेनात रोवलेल्या त्या पात्यानं, आन् वरून माझ्याच नावानं माती दाबता. मी लिवू कुटं? जागा तर ठिवता का?"

"मग इतकी वर्सं तोंड शिवलं व्हतं का तुजं?"

"कुनी इचारलं? कोंबडं कापलं, निवद दावला, नवस केले. कशानं जातंय म्हनून एकानं तरी इचारलं? तू पयली. ती बी घण घिऊन."

सांगणारे सांगतात की इथं गोजरनं हात जोडायला हवे होते. तिनं जोडले नाहीत. ती म्हणाली, "मला तुजा राग हाय. अजून बी हाय."

"ऱ्हाऊ दे की," म्हातारी म्हणाली. "पर विळा मोडू नगं. आता कुटं त्यो चोख झालाय." आणि उंबऱ्यावर कुणीच नव्हतं.

काही जण म्हणतात, म्हातारी वगैरे कुणी आलीच नव्हती, गोजर विस्तवाशी बोलत होती. येसूला विचारलं तर तो म्हणायचा, मी भाता ओढत होतो, मला धुराशिवाय काही दिसलं नाही.

त्याच घटकेला आतून ठकूची आरोळी आली. कळा सुरू झाल्या होत्या. गोजरनं विळा पुन्हा भट्टीत ठेवला; ठकूची नाळ आता त्यानंच कापायची होती. तुळसा सुईण रीतीप्रमाणे विळा आणायला टेकडीवर गेली, आणि तिथं नुसता खड्डा बघून बोंब मारत खाली आली. बघता बघता सगळं गाव लोहाराच्या दारात जमलं. पुढं पाटील, त्यांच्या शेजारी गुरव.

गुरव ओरडला, "गोजर, विस्तव लावलास? देवीचा विळा हाय! मुकाट्यानं माघारी दे."

गोजर सांडशीत विळा धरून दारात आली. पातं अजून निखाऱ्यासारखं लाल होतं. तिनं ते गुरवाच्या पुढ्यात धरलं.

"घ्या की, बाबा. धरा हातात."

गुरव दोन पावलं मागं सरला. पाटीलही सरले. मागच्या बाजूला कुणी तरी फिसकन हसलं.

"ह्यानं नाळ कापलीस तर पोर मरंल," गुरव म्हणाला.

"तुमच्या रीतीनं कापल्यावर कुटं जगतंय? ज्याच्या घरातलं एक बी गेलं न्हाई, त्यानं हात वर करावा. विळा त्याच्या हवाली करते."

एकही हात वर झाला नाही. पण वाटही कुणी सोडेना. तुळसा आत जायला धजेना. आत ठकू कण्हत होती. मग पाटलांनी भागूबाईकडं पाहिलं. घरातली वडीलधारी तीच. "म्हातारे, तू बोल. घर तुजं, सून तुजी. रीत मोडायची का पाळायची?"

जन्मभर जी बाई 'लिवलं व्हतं' याच्यापुढं एक अक्षर बोलली नव्हती, ती उंबऱ्यावर आली. काठी टेकून उभी राहिली. 

"राणू," ती म्हणाली. "सोनाई. हरणी. मग बाजी. आन् येसूच्या पाठची मैना."

कुणाला काही उमजेना.

"माजी हायेत ती. निरगुडीतली. म्या नावं ठिवली व्हती. मनात." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "बाजीला जावळ व्हतं दाट. मैनेच्या गालाला खळी पडायची. सुतक धरलं न्हाई म्या. भाकरी केल्या त्या दिवशी बी."

आणि मग गर्दीतून एका बाईनं नाव घेतलं. मग दुसरीनं. माळ्यावरून, परसातून, आडावरून बाया नावं घेऊ लागल्या. धामणखोरीतल्या प्रत्येक बाईजवळ अशी लपवलेली नावं होती आणि ती एकमेकींना ठाऊक नव्हती. असं म्हणतात, प्रत्येक नावाला लोहाराची ऐरण आपोआप वाजत होती. पाटलांची आई डोळ्यांनी अधू, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून आलेली. ती म्हणाली, "जोत्याजी." पाटलांनी चमकून आईकडं पाहिलं. आपण घरातले थोरले नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

ते बाजूला झाले. गुरवाचाही पाय मागं सरला, कारण त्याची बायको नाव घेत होती.

गोजर आत गेली. तिनं विळा लोखंड विझवायच्या कुंडीतल्या गढूळ पाण्यात बुडवला नाही. सांडशीत धरून हवेतच निवू दिला. तुळसाच्या हातावर तिनं ऊन पाणी ओतलं. तुळसा रडत होती. "म्या माज्या हातानं आजवर..." असं काहीसं म्हणत होती.

"आज धू," गोजर म्हणाली. "चांगले कोपरापर्यंत धू."

मूल झालं. मुलगी. उकळून घेतलेल्या सुतानं नाळ बांधली, तापवलेल्या विळ्यानं कापली. तुळसाचा हात सवयीनं मातीच्या चिमटीकडं गेला तर गोजरनं मातीचं पुडकं उचलून दाराबाहेर भिरकावलं. त्या टेकडीवरचं काहीच तिला नको होतं. बेंबी तशीच कोरडी ठेवली. आणि गोजर त्या ओल्या पोरीला आईच्या छातीला लावून, दोघींवर घोंगडं घालून बाहेर आली आणि ओरडली, "जिऊ! हिचं नाव जिऊ हाय. बारशाची वाट कोन बघतंय!"

आता खरी परीक्षा आठवड्यानं होती. त्या दिवशी कुणी शेतात गेलं नाही. सगळं गाव लोहाराच्या अंगणात बसून राहिलं. गुरव मांडी घालून बसला होता. विस्तव लागलेला विळा हरतो की जिंकतो ते त्याला पाहायचं होतं, आणि मला वाटतं, हरावं असं त्यालाही वाटत नसावं. ठकूनं जिऊला छातीशी घेतलं. जिऊनं तोंड फिरवलं. अंगणातली सगळी उठून उभी राहिली. जिऊनं पुन्हा तोंड फिरवलं, भुवया आक्रसल्या, आणि असं काही भोकाड पसरलं की, असं म्हणतात, निरगुडीची पानं झडली, टेकडीवरच्या बैलांनी दावी तोडली आणि घाटाखालच्या गावात लोकांना वाटलं की गडगडलं. मग ती चुरुचुरु पिऊ लागली.

एक म्हातारा कानात बोटं घालून म्हणाला, "आरं, गप करा की तिला!"

"कुनी गप करायचं न्हाई," भागूबाई म्हणाली.

त्यानंतर गोजर घरात अशी थोडीच राहिली. खापरात विस्तव आणि कमरेला विळा, अशी ती घाटावरच्या गावागावांतून फिरली. गेल्या गेल्या ती एकच गोष्ट विचारायची, "कशानं जात्यात?" देवाची मर्जी, असं कुणी म्हटलं की ती तिथंच बसायची आणि दुसरं उत्तर मिळेपर्यंत उठायची नाही. एका गावात जन्मल्या जन्मल्या मुलाला गार पाण्यानं न्हाऊ घालत आणि ते गारठून जाई. तिथं तिनं आयांना घोंगड्यात लेकराशी उराला उर लावून बसवलं. एका गावात आईचं पहिलं पिवळं दूध, चीक, घाण म्हणून पिळून टाकत आणि तान्ह्याला गुळाचं पाणी पाजत. तिथल्या सासवांना ती म्हणाली, "गाय व्याली की चिकाचा खरवस तुमी वाटी चाटूनपुसून खाता, आन् पोराच्या तोंडचा वतून देता?" आणखी एका गावात बाळंतिणीला भुकेलं ठेवत. तिथं ती पाहुणी म्हणून सरळ चुलीशी बसली आणि पहिलं ताट बाळंतिणीला वाढून मगच स्वतः जेवली. अशी कैक गावं तिनं वळवली.

सगळी मुलं वाचली का? नाही. घाटाखालच्या एका वाडीत एक मूल हे सगळं करूनही गेलं. कशानं गेलं ते गोजरला सापडलं नाही. तिनं त्याच्या आईबरोबर सुतक धरलं, नाव ठेवलं, आणि पुढं जन्मभर त्या वाडीवरून जाताना ती त्या घरापाशी थांबायची. "न्हाई सापडलं अजून," असं सांगायची आणि पुढं जायची.

ती मेली कशी, हे कुणालाच माहीत नाही. काही म्हणतात, म्हातारपणी ती टेकडी चढून गेली ती परत आलीच नाही. वर दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसून अजून भांडतात, आणि सटवाईनं काही वाकडं लिहायला घेतलं की गोजर तिच्या हातातला बोरू हिसकते. ठाण्यापुढं मातीत आता काही रोवलेलं नाही.

धामणखोरीत आता बाळंतपण घरी होत नाही. नाळ कापायचं पातं बंद पुडीतून येतं. पण मूल झाल्याचा निरोप आला की त्याच दिवशी चौकात त्याचं नाव मोठ्यानं घेतात, बारसं मग सवडीनं होतं. आणि मूल गेलंच, मग ते तासाभराचं का असेना, तर सगळं गाव सुतक धरतं. सगळे त्या घरापुढं जमतात आणि गोजरच्या नावानं विचारतात, "कशानं?" त्याचं उत्तर मिळून ते कारण दूर होईपर्यंत गावाचं सुतक फिटत नाही; फिटलं की सगळे आडावर डोक्यावरून पाणी घेतात.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट, आणि ही 'असं म्हणतात'मधली नाही. गावात कमी वजनाचं एक मूल गेलं. शौर्य त्याचं नाव. कशानं, असं विचारलं तेव्हा त्याचा बाप म्हणाला, "दवाखान्याला कुलूप व्हतं." नर्सबाईंची जागा कितीतरी दिवस रिकामीच होती. मग गावानं सुतक धरलं. देवळात दिवा लागला नाही. ठरलेली लग्नं पुढं गेली. जत्रा भरली नाही. एक पुढारी सत्काराला आले तर बायांनी हार परत केला, "सुतकात चालत न्हाई, दादा." शेवटी सगळं गाव तालुक्याच्या कचेरीसमोर जाऊन बसलं. साहेब बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, मूल कुणाचं होतं? सगळ्यांनी हात वर केले.

साहेब जरा गोंधळले. म्हणाले, "पण सुतक दहा दिवसांचं असतं ना? कधीच फिटलं असेल."

पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "तुमच्यात फिटत असंल, साहेब."

ते ऊन फार कडक होतं आणि साहेबांच्या शिपायानं दार आपटलं की मी दर वेळी दचकायचे. पण उठलं कुणीच नाही.

नवी नर्स आली. तिनं कुलूप उघडलं, खिडक्या उघडल्या, आणि बाहेर येऊन पाहिलं तर धामणखोरीतली बाया-माणसं, पोरंसोरं, सगळी आडावर रांगेनं उभी राहून डोक्यावरून पाणी घेत होती.